हिंमतरावांची जागा

त्या गुरुवारी संध्याकाळी चंपाबाईंनी मेथी निवडता निवडता मुलीने लिहिलेली नियमावली तपासली आणि तिला दहापैकी साडेचार गुण दिले. वरचा अर्धा गुण हस्ताक्षराचा. नियमावली संगणकावर छापलेली होती, पण छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढलेल्या बाईला अर्धा गुण कुठे ना कुठे द्यावाच लागतो.

"शुद्धलेखन चोख आहे," त्या लाल पेनाला टोपण लावत म्हणाल्या. "पण मैत्री, यात नवीन काय गं?"

मैत्री हिंजवडीच्या एका कंपनीत, सॉफ्टवेअर कसं वापरावं याची पुस्तकं लिहायची. ती पुस्तकं कोणीही वाचत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच ती फार काळजीपूर्वक लिहायची. कंपनीत महिला दिनाला दरवर्षी प्रत्येकीला एक गुलाब आणि अर्ध्या तासाचं भाषण मिळे. यंदा सृष्टी नावाची सहकारी सहा महिने डेन्मार्कला राहून परत आली आणि येताना तिकडचा एक खेळ घेऊन आली. नाटकासारखा, पण नाटक नव्हे. संवाद लिहिलेले नसतात, प्रेक्षक नसतात. प्रत्येकाने एक भूमिका घ्यायची आणि चार तास तीच होऊन राहायचं. तिकडे लोक रजा काढून दुःख भोगायला जातात म्हणे. आपल्याकडे ही सोय घरपोच असल्यामुळे कोणाला सुचलं नसावं.

विषय ठरला: पुरुषाच्या मुठीतलं एक कडक घर. कुटुंबप्रमुखाचं नाव हिंमतराव. बाकी बावीस जणांनी चिठ्ठ्या उचलून त्यांचे मुलगे, सुना आणि लेकी व्हायचं. चिठ्ठीत सून निघाली तर पुरुषानेही डोक्यावर ओढणी घ्यायची. नियम लिहिण्याचं काम मैत्रीकडे आलं. पहिला नियम: हिंमतराव बसल्याशिवाय घरात कोणीही बसायचं नाही. दुसरा: सुनांना स्वतःचं नाव नाही, थोरली, मधली, धाकटी म्हणायचं. तिसरा: प्रत्येक गोष्टीला हिंमतरावांची परवानगी हवी आणि ते 'नाही' म्हणतील.

"हा तिसरा चुकलाय," चंपाबाई म्हणाल्या.

"आपल्या घरात असलं काही नव्हतं आणि नाही," बाहेरच्या खोलीतून, वर्तमानपत्रामागून रतनराव म्हणाले. "आपल्याकडे समता आहे. चंपा, चहा."

रतनराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. दर चौदा एप्रिलला धायरीच्या विहारात ते 'स्त्रीमुक्ती आणि आपण' या विषयावर तासभर बोलत. भाषण फार सुंदर असे. ते चंपाबाई लिहून देत आणि पहिल्या रांगेत बसून, योग्य जागी टाळ्याही वाजवत.

चंपाबाईंनी चहा ठेवला आणि लाल पेन पुन्हा उघडलं. "नाही म्हणणारा माणूस बरा गं. त्याच्याशी भांडता येतं, रुसता येतं. खरा हिंमतराव कधी नाही म्हणत नसतो." त्यांनी नियमावलीच्या समासात ठसठशीत लिहिलं: 'नियम ४. हिंमतराव हो किंवा नाही म्हणणार नाहीत. ते म्हणतील, बघू.'

मैत्रीला हसू आलं. नियम अचूक होता.

"आणि ऐक," चंपाबाई पेन बंद करत म्हणाल्या, "मला घे ना तुमच्या खेळात. मी होते हिंमतराव. एकदा आयुष्यात मोठ्यानं ओरडून बघायचंय मला. शाळेत ओरडले, ते मुलांवर. ते धरायचं नाही."

चंपाबाईंचा शाळेतला आवाज हा स्वतंत्र विषय होता. पत्र्याखालच्या वर्गात, पावसाळ्यात, साठ मुलांना पाढे ऐकू जातील असा. घरी येताना तो त्या चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत, पण पाहुण्यांत कधीतरी विसरून आत आणत. मैत्रीच्या डोळ्यांपुढे कंपनीतले सगळे आले, हळू आवाजात बोलणारे, इंग्रजीत हसणारे. तिने उगाच पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"बघू," ती म्हणाली.

चंपाबाई हसायला लागल्या. मेथीची जुडी हातात तशीच ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आई कशाला हसते आहे हे मैत्रीला त्या वेळी कळलं नाही. शनिवारी कळलं. तोवर सांगायला आई नव्हती. शुक्रवारी सकाळी गॅससमोर उभ्या असताना त्या खाली बसल्या, आणि बसल्या त्या बसल्याच.

*

त्यानंतर मैत्रीला बसवेना. हे लाक्षणिक अर्थाने नव्हे. खुर्चीत बसलं की दोन मिनिटांत ती उठे. आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भन्तेजींची वंदना चालू असताना ती तीन वेळा उठून पाण्याचे ग्लास मोजून आली. धायरी ते स्वारगेट ती बसमध्ये उभी राहून जाऊ लागली. "मॅडम, शीट मोकळी हाय की," कंडक्टर म्हणाला. "असू दे," मैत्री म्हणाली. तो बराच वेळ त्या मोकळ्या सीटकडे संशयाने बघत होता.

शेजारच्या ललिताकाकूंनी सल्ला दिला. काकूंचा सल्ला म्हणजे सोसायटीच्या टाकीचं पाणी, ठरलेल्या वेळी येतंच. "तो ऑफिसचा खेळ रद्द कर बाई. वर्षभर शुभकार्य नको."

"हे शुभकार्य नाही काकू. यात सगळ्यांचा छळ होतो."

"मग हरकत नाही," काकू विचार करून म्हणाल्या.

खेळ रद्द करावा असं सृष्टीलाही वाटत होतं. "मैत्रीताई, तू घरी थांब. आम्ही मॅनेज करू." पण घरी थांबणं म्हणजे बसणं. मैत्रीने उलट आणखी कामं अंगावर घेतली. पहिलं काम हिंमतराव शोधण्याचं.

वाटलं होतं, पुरुषप्रधान घराचा प्रमुख व्हायला रांग लागेल. एकही पुरुष तयार होईना. सगळ्यांना पिचलेली सून व्हायचं होतं. वार्षिक मूल्यमापन तोंडावर आलं होतं आणि साहेबांच्या लक्षात अत्याचारी म्हणून राहायची कोणाची इच्छा नव्हती. शेवटी तेजस गळाला लागला. तेजस हा कंपनीतला सर्वांत उंच माणूस आणि सर्वांत सभ्य. पहिल्या तालमीत तो गरजला, "ए, पाणी आण! म्हणजे, उठणारच असशील तर." मैत्रीने त्याला घरी सराव करायला सांगितला. ही तिची चूक होती, पण ती पुढे कळली.

दुसरं काम जागेचं. कंपनीच्या आवारात ओरडायला मनाई होती. नारायण पेठेतला एक हॉल मिळत होता. तिथले व्यवस्थापक बद्रीनाथ यांनी चष्म्यावरून मैत्री आणि सृष्टीकडे पाहिलं.

"कार्यक्रमाचं स्वरूप?"

"खेळ आहे," सृष्टी म्हणाली.

"मैदानं नदीपलीकडे."

"तसा नाही. नाटकासारखा."

"नाटकाला परवानगी लागते. आणा."

परवानगी देणाऱ्या कचेरीत तीन दिवस गेले. मैत्री उभीच होती, त्यामुळे तिला त्रास झाला नाही. खुर्चीवरच्या गृहस्थांनी संहिता मागितली. संहिता नाही म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग बोलणार काय?"

"ज्याला जे सुचेल ते."

"बाई, सुचेल ते बोलायला सरकार परवानगी कशी देईल? बरं, प्रेक्षक किती?"

"एकही नाही."

"मग त्या एकही नाहीच्या आसनव्यवस्थेचा नकाशा जोडा."

मैत्री परत बद्रीनाथांपुढे उभी राहिली. चार ठिकाणी उभं राहून आलेल्या माणसाचा चेहरा त्यांनी ओळखला असावा. ते जरा मवाळ झाले. "माझ्याकडे रकाने चार. लग्न, मुंज, व्याख्यान, प्रदर्शन व विक्री. तुम्ही लग्न लिहा. लग्नात कोण काय बोलतं, हे या शहरात अजून कोणी विचारलेलं नाही. वराचं नाव?"

"हिंमतराव," मैत्रीच्या तोंडून गेलं.

"वधू?"

"त्यांना सुना आहेत."

"सुना नंतर येतात. वधू आधी."

मैत्रीने इकडेतिकडे पाहिलं. सृष्टी फोनमध्ये मान घालून उभी होती. "सृष्टी," मैत्री म्हणाली. सृष्टीने फोनमधून वर न बघता "हां, बोल" म्हटलं, आणि बद्रीनाथांनी ती वधूची संमती समजून लिहून घेतलं.

"आता इथे तुमच्या वडिलांची सही आणा. किंवा यजमानांची."

"मी अडतीस वर्षांची आहे. मी स्वतः सही करते."

"अडतीस वर्षांच्या झालात, आनंद आहे. सही वडिलांची. लग्न कोणाच्या जबाबदारीवर चाललंय हे कळायला नको?"

"मैत्रीताई, धिस इज गोल्ड!" बाहेर आल्यावर सृष्टी म्हणाली. "हे आपण खेळात घालू या."

मैत्रीला ते तितकं सोन्यासारखं वाटलं नाही. आईच्या वेळी दवाखान्याच्या कागदांवर तिने सात सह्या केल्या होत्या. तेव्हा तिचं वय कोणाला कमी पडलं नव्हतं.

घरी रतनराव त्यांच्या खुर्चीत बसलेले होते. ते बसून असत आणि ती उभी असे. तीन आठवडे घरात एवढीच हालचाल होती. चहा मैत्री करून ठेवी. तो निवून जाई. तिने अर्ज पुढे केला, खाली आधाराला नियमावली होती.

"ठेव तिथे," रतनराव म्हणाले. "बघू."

ती आत गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी होती.

सकाळी अर्जावर सही होती. नियमावली चौथ्या नियमाशी उघडी होती आणि तिच्यावर रतनरावांचा चष्मा. ते खुर्चीतच होते. लाल अक्षराखाली त्यांनी बोट ठेवलं.

"हे चौथं तिनं कोणावरून लिहिलं?" त्यांनी विचारलं.

मैत्रीला उत्तर येत होतं. तिने साखरेचा डबा उचलला, झाकण लावलेलं होतं ते पुन्हा लावलं. "सहज लिहिलं असेल, बाबा."

रतनरावांनी कागदावरचा चष्मा उचलून खिशात ठेवला. मग म्हणाले, "एक माणूस जास्त चालेल का तुमच्या खेळात? घरात बसवत नाही."

*

खेळाच्या दिवशी, रविवारी सकाळी, हॉलबाहेर झेंडूचं तोरण होतं आणि शेजारी फळा: 'चि. हिंमतराव आणि चि. सौ. कां. सृष्टी यांचा शुभविवाह. येण्याचे करावे.' बद्रीनाथ म्हणाले, तोरण आणि फळा लग्नाच्या रकान्यातच येतो, काढता येणार नाही.

आत मधोमध एक मोठी खुर्ची ठेवली होती, हिंमतरावांची. स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या उचलून झाल्या. बारा पुरुषांच्या डोक्यांवर ओढण्या आल्या. रतनरावांनी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशातून चष्मा काढून आपली चिठ्ठी दोनदा वाचली. 'धाकटी सून.' "ठीक आहे," ते म्हणाले आणि कचेरीतला आदेश मानावा तशी त्यांनी ओढणी घेतली.

सगळे तयार होते. फक्त तेजस नव्हता. पहिल्या नियमाप्रमाणे हिंमतराव बसेपर्यंत कोणी बसायचं नव्हतं, त्यामुळे तेवीस माणसं भिंतीला टेकून उभी होती. अर्ध्या तासाने फोनवर त्याचा संदेश आला. 'सॉरी. बायको नको म्हणते.'

झालं होतं ते असं: सराव फार चांगला झाला होता. तिसऱ्या आठवड्यात तेजसला 'बघू' जमलं आणि ते त्याने सासूबाईंना वास्तुशांतीच्या निमंत्रणावर वापरलं. पुरुषप्रधान घराच्या प्रमुखाला बायकोने घराबाहेर पडायची परवानगी दिली नव्हती.

"आता?" सृष्टी म्हणाली. "हिंमतरावांची जागा रिकामी आहे."

"तुमची मंडळी बसणार कधी?" दारातून बद्रीनाथ म्हणाले. "लग्नात इतका वेळ उभं राहणारे मी प्रथमच बघतो. जेवण नाही म्हणून रुसलेत का?"

सगळे मैत्रीकडे बघायला लागले. नियम तिने लिहिले होते. तिला ती खुर्ची दिसत होती आणि तीत कोण बसायचं होतं तेही दिसत होतं. "आपण रद्द करू," असं तिला म्हणायचं होतं. पण एक प्रौढ मधली सून, हिशेब विभागातले, गुडघे चोळायला लागले. मैत्री खुर्चीपर्यंत गेली आणि बसली. महिन्याभरात पहिल्यांदा नीट बसली. तेवीस माणसं हुश्श करून खाली टेकली.

पहिला तास चांगला गेला, म्हणजे वाईट गेला. थोरल्या सुनेने बाजारात जाऊ का विचारलं, मैत्री म्हणाली, "बघू." मधल्या सुनेने औषध आणू का विचारलं. "बघू." दहा वेळा म्हटल्यावर तो शब्द तोंडात गुळगुळीत झाला. किती सोपा होता! मान वर करायलाही लागत नव्हती. धाकट्या सुनेकडे चहाचं काम होतं. रतनराव पडवीतल्या गॅसपाशी उभे होते. थोड्या वेळाने दारात येऊन त्यांनी हळूच विचारलं, "पाणी आधी की साखर?" सगळे हसले. त्यांना ते अभिनय वाटलं. मैत्री हसली नाही. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने तो प्रश्न खरोखर विचारला होता.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. जरीची साडी घाईत गुंडाळलेल्या एक बाई आत आल्या.

"सृष्टी! कुठे आहे सृष्टी?"

एका ओढणीवाल्या सुनेने हात जोडून सांगितलं, "मामंजींच्या परवानगीशिवाय आत यायचं नाही हो, पाहुणेबाई."

"कोण मामंजी? आणि तू कोण रे दाढीवाल्या?"

सृष्टी भिंतीपाशी पांढरी पडली. "उल्कामावशी!"

उल्कामावशी चार घरं पलीकडे राहत होत्या. भाजी घेऊन जाताना त्यांनी फळा वाचला होता. "हिंमतराव! नावावरूनच साठीचा वाटतो. निदान बघू दे तरी मेल्याला!" लोकांनी नम्रपणे खुर्चीकडे बोट दाखवलं. मावशींनी मैत्रीला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. नंतर ओढण्या घेतलेले बारा पुरुष पाहिले. मग त्या सृष्टीकडे वळल्या आणि त्यांचा आवाज भरून आला. "तू कोणाशी लग्न करावंस हा तुझा प्रश्न, आम्ही जुन्या विचारांचे नाही. पण चार घरांवर सख्खी मावशी राहते आणि तिला पत्रिका नाही?"

मग खुलाशांचा गलका झाला. बद्रीनाथांनी रकाने चारच असल्याचं सांगितलं. सृष्टीने डेन्मार्कपासून सुरुवात केली. मावशींना डेन्मार्क पटलं नाही, पण घरात इतक्या पुरुषांनी डोक्यावर पदर घेऊन चहा करायचा हे पटलं. "चांगलंय की," त्या डोळे पुसत म्हणाल्या आणि ऐटीत खेळणाऱ्यांच्या मधोमध बसायला गेल्या. त्यांना आवरून कोपऱ्यात उभं करेपर्यंत खेळ पार विस्कटला होता. हिशेबवाले गृहस्थ ओढणीने घाम पुसत होते. "पॅक अप?" कोणीतरी म्हणालं.

तेव्हा धाकटी सून पुढे आली. रतनरावांच्या दोन्ही हातांत कपबशी होती. चहा बशीत सांडला होता. ओढणी डोक्यावर नीट होती. खेळ थांबला आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलं असावं.

त्यांनी कप हिंमतरावांपुढे ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून, खाली बघत म्हणाले, "मामंजी. शाळेत मुख्याध्यापिकेची जागा आहे. मला विचारलंय. शाळा लांब आहे, पण जमेल. घेऊ का?"

गलका थांबला. बाबा काम चांगलं करतात, असं कोणीतरी कुजबुजलं.

मैत्रीने हे आधी ऐकलं होतं. तेव्हा ती बारा वर्षांची होती. भूगोलाचा नकाशा रंगवत ती जमिनीवर बसली होती. आई अशीच उभी राहिली होती, कप ठेवून, दोन पावलं मागे, आणि याच शब्दांत विचारलं होतं, फक्त मामंजीच्या जागी 'अहो' होतं. वर्तमानपत्र हललं नव्हतं. त्यामागून एक शब्द आला होता. आई "बरं" म्हणून आत गेली होती, आणि पुढची वीस वर्षं त्याच वर्गावर, त्याच पत्र्याखाली पाढे घेत राहिली होती. मैत्रीने नकाशातला समुद्र पूर्ण केला होता. बाबांना तेव्हा ती काही बोलली नाही. नंतरही नाही.

रतनराव वाट बघत होते. त्यांची मान खाली होती, पण हात ओढणीच्या टोकाशी चाळा करत होते. नियमाप्रमाणे उत्तर ठरलेलं होतं. आईनेच लिहून ठेवलं होतं.

"हो," मैत्री म्हणाली.

"मैत्रीताई, रूल फोर!" सृष्टी दबक्या आवाजात म्हणाली.

"हो. घे ती जागा," मैत्री म्हणाली. रतनरावांनी मान वर केली. त्यांचा चष्मा धुकट झाला होता. त्यांनी फक्त मान हलवली, हेडक्लार्क उशिरा आलेल्या कागदाची पोच देतो तशी.

मैत्री खुर्चीवरून उठली. हिंमतराव उठले म्हणून सगळे उठले. ती बाजूला झाली, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून उभी राहिली, आणि पत्र्याखालच्या वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, जो आपल्याकडे आहे हे तिला आजवर ठाऊक नव्हतं, म्हणाली:

"हो, आई. घेते तुला खेळात. तू मोठ्यानं बोलशील म्हणून मला लाज वाटत होती. ऑफिसची सगळी माणसं इथेच आहेत. ये. बस इथे. आणि ओरड."